गवत कापायचं मशीन सुरू होत नाही, झालं तर लगेच बंद पडतं? दोरी सोडा, आधी प्लग काढून बघा

चवथीच्या आधीचा आठवडा. पावसाने दोन दिवस उघडीप दिलेली, अंगणापुढचं गवत पोटरीपर्यंत आलेलं आणि घरी पाहुणे येणार. मांगरातून, म्हणजे घराबाहेरच्या खोपटातून, मॉवर बाहेर काढायचा, चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी कळ) लावायचा, दोरी ओढायची. काही नाही. पुन्हा ओढायची. एकदा फटफटतो आणि बंद. विसाव्या ओढीला खांदा भरून येतो, हाताला पेट्रोलचा वास लागतो, आणि फिटरला फोन केला तर त्याच्याकडे तुमच्यासारखीच दहा मशीनं येऊन पडलेली असतात.

डिचोलीजवळच्या आमच्या घराला पुढे बरीच हिरवळ आहे, आणि ती राखायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. नव्याने मशीन घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. आता गोव्यात भाड्याने द्यायची घरं वाढली, त्यांच्यापुढे हिरवळी आल्या, आणि ज्यांनी कधी स्कूटरचा प्लगसुद्धा बदलला नाही अशांच्या हाती ही मशीनं आली. त्यांना मला एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे: मशीन सुरू झालं नाही की दोरी ओढत राहू नका. पाच-सहा ओढींत जे झालं नाही ते पन्नास ओढींत होत नाही. उलट सिलिंडरमध्ये पेट्रोल साचतं आणि दुखणं वाढतं. मला हे एका फिटरने शिकवलं. मी दोरीशी झटत होते आणि तो म्हणाला, "बाय, दोरी सोडा. प्लग काढून बघा, प्लग सगळं सांगतो." तेव्हापासून मी याच क्रमाने जाते.

पुढचं सगळं चाकांवर ढकलायच्या, चार स्ट्रोकच्या पेट्रोल मॉवरबद्दल आहे. खांद्यावरच्या ग्रास कटरचं थोडं वेगळं असतं, त्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

हात लावण्याआधी

प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग. त्याच्यावरची रबरी टोपी ओढून काढा आणि वायर बाजूला वळवून ठेवा. पात्याजवळ हात जाणार असेल तर ही पहिली आणि न टाळायची पायरी. इंजिन बंद असलं तरी पातं हाताने फिरवलं की इंजिनही फिरतं, आणि एक ठिणगी पडली तर बोटं जातात. काम उघड्यावर करा. स्वयंपाकघराच्या पडवीत नको, देवघराच्या समईजवळ तर नकोच. इंजिन गरम असेल तर अर्धा तास थांबा.

मशीन आडवं करायचं असेल तर एअर फिल्टर आणि कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) यांची बाजू वर राहील असं करा. उलट्या बाजूला कलंडवलं की इंजिनातलं ऑइल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरतं. मग मशीन सुरूच होत नाही, किंवा पांढऱ्या धुराचा लोट सोडतं. नवीन माणसाच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. पातं साफ करायला कलंडवलं आणि त्यानंतर मशीन बिघडलं, असं कुणी सांगितलं की मी आधी फिल्टर उघडून बघते, आणि तो ऑइलने भिजलेला निघतो.

आधी या साध्या गोष्टी बघून घ्या. टाकीत पेट्रोल आहे का, पेट्रोलची तोटी उघडी आहे का. हँडलवरचा आडवा दांडा पूर्ण दाबून धरला आहे का. हा दांडा सुटला की ठिणगी बंद होते आणि इंजिनाला ब्रेक लागतो. दांड्यापासून इंजिनापर्यंत जाणारी तार आपल्याकडच्या दमट हवेत गंजते, किनारपट्टीवर तर दोन वर्षांतच. तार नीट ओढली गेली नाही की ब्रेक अर्धवट लागलेला राहतो. अशा वेळी दोरी नेहमीपेक्षा जड लागते. तारेच्या टोकाशी दोन थेंब ऑइल सोडा आणि दांडा दहा-बारा वेळा दाबून सोडा.

ऑइलची कांडी काढून पातळी बघा. काही इंजिनांत ऑइल कमी झालं की ठिणगी आपोआप बंद करणारा सेन्सर असतो. लहान मॉवरमध्ये ऑइल अर्धा लिटर किंवा थोडं जास्त मावतं. म्हणून शंभर मिलीची घटसुद्धा मोठी.

आता प्लग

प्लगचा पाना लागेल. बऱ्याच मॉवरना २१ मिमीचा बसतो. आधी प्लगच्या बुडाशी जमलेली धूळ आणि गवत फुंकून टाका, म्हणजे ते सिलिंडरमध्ये पडणार नाही. मग प्लग सोडवून उजेडात धरा.

टोक ओलं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाहीये: एकतर ठिणगी नाही, किंवा चोक लावून फार ओढल्यामुळे जास्त पेट्रोल शिरलंय. प्लग पुसून वाळवा, भोकावर कापड धरा, चोक काढा आणि दोरी चार-पाच वेळा ओढा. साचलेलं पेट्रोल कापडात येईल. कापड दूर नेऊन ठेवा आणि पंधरा मिनिटं थांबा.

टोक कोरडं असेल, पाच-सहा ओढींनंतरही पेट्रोलचा वास नसेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत येतच नाही. इथे प्लग बदलून काही होणार नाही. सरळ टाकी आणि कार्बोरेटरकडे जा.

टोकावर दिव्याच्या काजळीसारखा मऊ काळा थर असेल तर हवा कमी पडतेय. फिल्टर तुंबलाय किंवा चोक पूर्ण उघडत नाही. तेलकट काळा थर असेल तर ऑइल वर येतंय: जास्त भरलंय, मशीन चुकीच्या बाजूला कलंडलंय, किंवा पिस्टनची रिंग झिजलीय. फिकट बदामी रंग असेल तर प्लगची तब्येत ठीक.

ठिणगी तपासायची तर टाकीचं झाकण घट्ट लावा, सांडलेलं पेट्रोल पुसून सुकू द्या, प्लगचं भोक कापडाने बंद करा. प्लगला रबरी टोपी लावून त्याचा धातूचा भाग भोकापासून दूर इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. रबरी मुठीच्या पकडीने धरा, बोटांनी नको. दुसऱ्या कुणाला तरी हँडलचा दांडा दाबून दोरी ओढायला सांगा. सावलीत निळसर ठिणगी दिसली पाहिजे, टक् असा आवाज आला पाहिजे. पिवळी, मरतुकडी ठिणगी आली तर आधी नवा प्लग लावून बघा. प्लग स्वस्त असतो. मी एक नवा कायम घरात ठेवते. गॅप, म्हणजे प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते ती फट, बहुतेक मॉवरना ०.७ ते ०.८ मिमी लागतो. पुस्तिकेत लिहिलेला आकडा अंतिम माना.

प्लग परत बसवताना आधी हातानेच फिरवा. पाना लावून सुरुवात केली आणि आटे तिरके धरले तर ॲल्युमिनियमचं हेड खराब होतं, आणि तो खर्च मोठा. हाताने टेकेपर्यंत बसला की नवा प्लग पान्याने अर्धा फेरा, जुना पाव फेऱ्याहून जास्त नाही.

नव्या प्लगवरही ठिणगी नसेल तर वरचं दोरीचं झाकण उतरवावं लागतं. आत फ्लायव्हीलवर (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर) चुंबक असतो आणि त्याच्यासमोर ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल. पावसाळाभर मांगरात पडलेल्या मशीनमध्ये चुंबकावर आणि कॉइलच्या पायांवर तांबूस गंज चढतो. बारीक पॉलिश पेपरने तो हलकेच घासून काढा. दोघांमधली फट साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची असते. एवढं करूनही ठिणगी आली नाही तर कॉइलची वायर किंवा कॉइल गेली. तिथून पुढे फिटरला द्या.

पेट्रोल: बहुतेक वेळा दोष इथेच

पावसाळ्यानंतर सुरू न होणाऱ्या मशीनमध्ये मी सगळ्यात आधी पेट्रोलवर संशय घेते. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओलीच असते. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. अर्धी भरलेली टाकी चार महिने दमट मांगरात राहिली की हे पाणी मुरत जातं, आणि एका हद्दीनंतर इथेनॉल-पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. कार्बोरेटरला पेट्रोल जातं ते तळातूनच. म्हणजे टाकी भरलेली दिसते आणि इंजिनाला मिळतं ते पाणी मिसळलेलं इथेनॉल.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर टाकीतलं थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत काढा आणि दहा मिनिटं न हलवता ठेवा. मी लोणच्याची एक जुनी बरणी यासाठीच ठेवली आहे. वर मोठ्या अक्षरांत 'पेट्रोल' लिहिलंय आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात जात नाही. चांगलं पेट्रोल एकजीव आणि आरपार दिसतं. बिघडलेल्यात तळाशी वेगळा थर दिसतो, बरणी तिरकी केली की तो थर वेगळाच घरंगळतो. कधी वार्निशसारखा आंबट वासही येतो. असं पेट्रोल ताज्यात मिसळून 'संपवायचा' मोह होतो. तसं करू नका. टाकी पूर्ण रिकामी करा. जुनं पेट्रोल गटारात, विहिरीजवळ किंवा पोरसात ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, त्याला सुटे भाग धुवायला ते चालतं.

एका महिन्यापेक्षा जुनं पेट्रोल मी मॉवरमध्ये घालत नाही. कॅनवर आणल्याची तारीख मार्करने लिहिते आणि लागेल तेवढंच, एक-दोन लिटर, आणते.

टाकीच्या झाकणाबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण त्याने माझा एक अख्खा मोसम खाल्ला. माझं मशीन छान सुरू व्हायचं, दहा मिनिटं नीट चालायचं, मग श्वास अडकल्यासारखं करून बंद. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा दहा मिनिटं. एका दुरुस्तीवाल्याने कार्बोरेटर बदलायला लावला. नव्या कार्बोरेटरवरही तेच. शेवटी एकदा मशीन बंद पडल्या पडल्या मी झाकण फिरवलं आणि फुस्स करून हवा आत गेल्याचा आवाज आला. लगेच दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू! झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं. माझ्या झाकणातलं भोक धुळीने आणि पेट्रोलच्या चिकट थराने बंद झालं होतं. पेट्रोल खाली जाईल तसं टाकीत पोकळी तयार व्हायची आणि मग पेट्रोल उतरायचंच नाही. झाकण साबणाच्या पाण्यात धुऊन, फुंकून, नीट वाळवून लावलं. त्यानंतर ते दुखणं परत आलेलं नाही.

म्हणून सांगते: मशीन काही वेळ चालून बंद पडत असेल तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी झाकण सैल करून बघा. लगेच सुरू झालं तर दोष झाकणात. झाकण सैल करूनही सुरू होत नसेल आणि इंजिन थंड झाल्यावरच होत असेल, तर बंद पडल्या क्षणी ठिणगी तपासा. गरम झाली की मरणारी कॉइल अशीच वागते. थंड असताना तपासली तर ती निर्दोष वाटते.

हवेचा फिल्टर

स्पंजचा असेल तर भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, पूर्ण वाळवा, मग इंजिन ऑइलचे काही थेंब टाकून हाताने दाबून पसरवा आणि जास्तीचं कापडात टिपून घ्या. कागदाचा असेल तर धुवायचा नाही. टेबलावर हलके आपटून धूळ झाडा, काळा पडला असेल तर नवा घ्या. फिल्टर काढून मिनिटभर मशीन चालवून बघितलं आणि जोर आला, तर दोष मिळाला. पण फिल्टरशिवाय गवत कापू नका. आपल्या तांबड्या मातीची धूळ सिलिंडर घासून काढते.

सायलेन्सरच्या तोंडातही बॅटरीचा उजेड टाकून बघा. कुंभारमाशीला ते भोक घर करायला आवडतं. चार महिने पडून असलेल्या मशीनमध्ये मातीचं घट्ट घरटं मी स्वतः काढलं आहे. धूर बाहेर जायला वाट नाही तर नवी हवा आत येणार कुठून?

कार्बोरेटर

चोक लावला की चालतं, चोक काढला की मरतं. किंवा इंजिनाचा आवाज एकसारखा नाही, वर-खाली, वर-खाली होत राहतो. ही दोन्ही लक्षणं बहुधा कार्बोरेटरच्या बारीक भोकांत कचरा अडकल्याची. या भोकांना जेट म्हणतात. चोकमुळे हवा कमी होते, म्हणून अपुरं पेट्रोलसुद्धा पुरतं. चोक उघडला की ते पुरत नाही.

आधी सोपा उपाय. पेट्रोलची तोटी बंद करा, कार्बोरेटरखाली वाटीसारखा भाग दिसेल त्याखाली डबी धरा आणि वाटीचा बोल्ट सोडवा. बऱ्याच मॉवरना १० मिमीचा पाना लागतो. वाटी उतरली की तळ बघा. पाण्याचे गोल थेंब, तांबूस गाळ, पांढरट पावडर, यातलं काहीतरी दिसलं तर तुमचा शोध संपत आला. वाटी पुसा, तोटी क्षणभर उघडून पेट्रोल धार धरून येतं का बघा. थेंब थेंब येत असेल तर टाकीच्या तळची जाळी किंवा नळी तुंबली आहे. नळी चिरली असेल तर बदला.

मग जेट. वाटी बसायच्या जागी, कार्बोरेटरच्या मधोमध जो खांब असतो त्यात पितळी जेट बसवलेला असतो. बरोबर मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने तो काढा; लहान ड्रायव्हरने खाच झिजली तर निघणारच नाही. जेट उजेडाकडे धरा. मधलं भोक गोल, स्वच्छ दिसलं पाहिजे. नसेल तर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. तरीही अडकलं असेल तर जुन्या वायरीतली तांब्याची एकच बारीक तार घेऊन हळू फिरवा. सुई, टाचणी, ड्रिल काही घालू नका. जेटचं भोक मोजून पाडलेलं असतं. ते केसभर रुंद झालं तरी मशीन पुढे कायम जास्त पेट्रोल पिणार. पंक्चरवाल्याकडे हवेचा पाइप असतो, तिथे नेऊन सगळ्या वाटांतून हवा मारून घेतली तर उत्तम.

उघडताना प्रत्येक पायरीवर मोबाइलने फोटो काढा. विशेषतः स्प्रिंगा आणि बारीक दांड्या कुठल्या भोकात होत्या, ते. त्या गव्हर्नरच्या असतात, इंजिनाचा वेग त्याच सांभाळतात. एक स्प्रिंग चुकीच्या भोकात गेली की इंजिन बेफाम धावतं. वाटीची रबरी रिंग फुगली असेल तर जबरदस्तीने बसवू नका, नवी आणा.

दगड लागल्यावर

गवतात लपलेल्या चिऱ्याला किंवा माडाच्या बुंध्याला पातं धडकलं, इंजिन झटक्यात थांबलं, आणि त्यानंतर सुरू होत नाही किंवा दोरी उलटा हिसका देते? पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ठीक असतील तर फ्लायव्हीलची चावी तुटली किंवा सरकली असावी. फ्लायव्हील आणि ते ज्यावर बसतं तो इंजिनाचा दांडा यांच्यामध्ये ही धातूची छोटी पाचर असते. काही इंजिनांत ती मुद्दाम मऊ धातूची करतात, म्हणजे धक्क्यात तीच तुटावी आणि महागडा दांडा वाचावा. चावी थोडी सरकली तरी ठिणगी चुकीच्या वेळी पडते. ती बदलायला फ्लायव्हील ओढून काढणारं हत्यार लागतं. हातोडीने प्रयत्न करू नका, फिटरकडे न्या आणि दगड लागल्याचं त्याला आवर्जून सांगा. ते लपवलं तर त्याचेही दोन तास कार्बोरेटर उघडण्यात जातात. पातं वाकलं असेल तर तेही बदला. सरळ करून वापरू नका.

फक्त दाट गवतात बंद पडत असेल तर बिघाड शोधूच नका. चाकांची उंची वाढवा, आधी वरचं कापा, दोन दिवसांनी खालचं. ओलं गवत पात्याच्या कवचाखाली लगद्यासारखं चिकटतं आणि पात्याला फिरू देत नाही. प्लगची वायर काढून, मशीन बरोबर बाजूला कलंडवून, लाकडी पट्टीने ते खरवडून टाका.

खांद्यावरचा ग्रास कटर

काजूच्या बागेत आणि कुळागरात जे मशीन खांद्याला अडकवून चालवतात ते बहुधा दोन स्ट्रोकचं असतं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून. प्रमाण पुस्तिकेत बघा: १:५० असेल तर एका लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. अंदाजाने ओतू नका. ऑइल कमी झालं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर प्लग काळा होतो. याच्या कार्बोरेटरला वाटी नसते, आत रबरी पडदा असतो, आणि इथेनॉलमुळे तो कडक होतो. टाकीतल्या नळीच्या टोकाला असलेला छोटा फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढून बघा. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असेल तर ती काजळीने बुजते. जोर कमी झाला की ती काढून घासा.

पावसाळ्याआधी मशीन ठेवताना

मेअखेरीला शेवटचं गवत कापून झालं की टाकी रिकामी करा. मग तोटी बंद करून इंजिन सुरू ठेवा आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबा, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतलंही पेट्रोल जळून जातं. प्लग काढून भोकातून एक चमचा इंजिन ऑइल सोडा, भोकावर कापड धरून दोरी दोन वेळा हळू ओढा आणि प्लग बसवा, टोपी मात्र लावू नका. मशीन जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. वर जुनी चादर घाला. प्लास्टिकने झाकलं तर आत दमट हवा कोंडून गंज चढतो. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला आणि तो दिसेल असा बाहेर लोंबता ठेवा. शेवटी दोरी सावकाश ओढा आणि हाताला घट्ट अडलेलं लागलं की तिथेच सोडा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि ओली हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.